वय अधिक शंभर

काही वर्षांपूर्वी भाईंदरच्या एका शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी होती. त्याच शाळेतून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ सहकारीही आले होते. वय ६६. गणिताचे शिक्षक. त्यांचा रक्तदाब १६४/८४ भरला. तपासणाऱ्या ताईंनी "सर, डॉक्टरांना दाखवून घ्या" असे सुचवले, तेव्हा सर हसून म्हणाले, "सहासष्ट अधिक शंभर, एकशे सहासष्ट. माझा एकशे चौसष्ट. दोन मार्क शिल्लकच आहेत की!" आम्हीही हसलो. आमच्यापैकी बहुतेकांनी हा हिशेब घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला होता. पुढे दीड वर्षाने सरांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. चाळीस वर्षे वर्गात बोललेला माणूस आता पाटीवर डाव्या हाताने अक्षरे काढतो.

रक्तदाबावर औषध घेतले असते तर हे नक्की टळले असते, असे कोणी म्हणू शकत नाही. पण शक्यता बरीच कमी झाली असती, हे आज आकडेवारीने सांगता येते. मग 'वय अधिक शंभर' हा नियम आला कोठून? तो इतकी वर्षे का टिकला? आणि तो चूक आहे हे कसे कळले? ही हकीकत विज्ञान कसे चालते याचा चांगला धडा आहे. तिचा एक महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईत घडलेला आहे.

घोडी, काचेची नळी आणि पारा

रक्ताला दाब असतो हे मोजून दाखवणारा पहिला माणूस डॉक्टर नव्हता. स्टीफन हेल्स हे इंग्लंडमधले एक धर्मोपदेशक. त्यांनी एका घोडीला आडवे बांधून तिच्या मांडीतील रोहिणीत पितळी नळी बसवली आणि तिला एक लांब काचेची नळी जोडली. रक्त नळीत चढत चढत ८ फूट ३ इंचांवर पोचले आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वरखाली होऊ लागले. १७३३ साली हेल्स यांनी हा प्रयोग आपल्या पुस्तकात प्रसिद्ध केला.

येथे वर्गात करण्याजोगे एक गणित आहे. ८ फूट ३ इंच म्हणजे सुमारे २५१ सेंटिमीटर. रक्ताची घनता पाण्याच्या १.०६ पट, तर पाऱ्याची १३.६ पट. म्हणून तेवढाच दाब दाखवणारा पाऱ्याचा स्तंभ २५१ × १.०६ ÷ १३.६, म्हणजे सुमारे १९.६ सेंटिमीटर किंवा १९६ मिलिमीटर उंच असेल. बांधून घातलेल्या, भ्यालेल्या घोडीचा दाब इतका असणे साहजिकच. आता उलट करून पाहा. माणसाचा १२० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पाण्यात मोजायचा ठरवला, तर नळी १६३ सेंटिमीटर उंच लागेल. आठवीतल्या बऱ्याच विद्यार्थ्यांची उंची यापेक्षा कमी असते. पारा का वापरावा लागला हे यावरून मुलांना सहज उमगते. पारा वापरण्याची ही युक्ती फ्रान्सच्या पॉइझ्वी यांनी १८२८ साली केली.

तरीही रोहिणी कापल्याशिवाय दाब मोजता येत नव्हता. ती अडचण इटलीतल्या रिवा-रोची यांनी १८९६ साली दूर केली. त्यांनी दंडाभोवती हवा भरण्याची रबरी पट्टी गुंडाळली आणि मनगटातील नाडी बंद पडेपर्यंत हवा भरली. त्या क्षणी पारा जेथे असेल तो वरचा आकडा. त्यांची पट्टी फार अरुंद होती, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त येई. १९०१ मध्ये फोन रेक्लिंगहाउझेन यांनी ती रुंद केली. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमधील तरुण शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्टीच्या खाली रोहिणीवर स्टेथॉस्कोप ठेवला. पट्टी सैल करताना ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब. ठोके ऐकू येईनासे होतात तो खालचा, म्हणजे हृदय प्रसरण पावतानाचा दाब. शंभराहून अधिक वर्षे डॉक्टर याच पद्धतीने रक्तदाब मोजत आले आहेत.

सरासरी म्हणजे निरोगी?

उपकरण हाती आले, पण कोणता आकडा चांगला हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते जाणून घेण्याची सर्वांत जास्त निकड विमा कंपन्यांना होती. विमा उतरवणारा किती वर्षे जगेल, यावर त्यांचा व्यवसाय उभा असतो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या कंपनीचे वैद्यकीय संचालक फिशर यांनी १९०७ पासून अर्जदारांचा रक्तदाब मोजायला सुरुवात केली. हळूहळू इतर कंपन्यांनीही ती पद्धत उचलली. हजारो माणसांची मोजमापे जमली आणि वयानुसार सरासरीचे तक्ते तयार झाले. वाढत्या वयाबरोबर सरासरी वाढत जाते, असे त्यांत स्पष्ट दिसत होते.

येथेच घोटाळा झाला. वयाबरोबर वाढणारी सरासरी ही त्या वयाची निरोगी पातळी आहे असे मानले गेले. 'वय अधिक शंभर' हा याच समजुतीचा सोपा, पाठ करण्याजोगा अवतार. आपण शिक्षक ही चूक लगेच ओळखू. एखाद्या वर्गातली बरीचशी मुले रक्तक्षयाने फिकट असतील, तर त्या वर्गाचे सरासरी हिमोग्लोबिन हे निरोगी मुलाचे हिमोग्लोबिन ठरत नाही. बहुतेकांना जे होते ते नेहमीचे असेल. निरोगी असेलच असे नाही.

गंमत अशी, की विमा कंपन्यांचे मृत्यूचे आकडे वेगळेच सांगत होते. कोणत्याही वयात दाब जितका जास्त, तितका मृत्यू लवकर. तरीही अनेक नामवंत डॉक्टरांना ते पटत नव्हते. त्यांचा तर्क असा, की वयाबरोबर रोहिण्या कठीण आणि अरुंद होतात, म्हणून मेंदूला व मूत्रपिंडांना रक्त पोचवण्यासाठी शरीर मुद्दाम दाब वाढवते. दाब उतरवला तर अवयव उपाशी राहतील. ज्या उच्च रक्तदाबाचे कारण सापडत नाही, त्याला 'एसेन्शियल' म्हणतात. या शब्दानेही तो 'आवश्यक'च आहे असा समज बळावला. आणि खरे सांगायचे तर दाब उतरवणारे चांगले औषध तेव्हा नव्हतेच. उपाय नसला की आजाराला आजार न म्हणण्याकडे माणसाचा कल होतो.

याची किंमत किती मोठी होती, हे एका माणसाच्या नोंदींत दिसते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४१ साली १८८/१०५ होता. मार्च १९४४ मध्ये हृदयतज्ज्ञ ब्रून यांनी त्यांना तपासले तेव्हा तो १८६/१०८ भरला आणि हृदय थकल्याची लक्षणे दिसली. विश्रांती, कमी मीठ, डिजिटॅलिस आणि झोपेच्या गोळ्या एवढेच उपचार उपलब्ध होते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्या दुपारी दाब ३००/१९० होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसासाठीही दुसरे काही करता आले नाही.

परळमधले एक संशोधन

याच काळात मुंबईत काही वेगळे घडत होते. सर्पगंधा हे झुडूप आपल्याकडे वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत. याची मुळी निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंशावर देत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उपयोग उन्मादाबरोबर उच्च रक्तदाबावरही होतो असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी काढली. एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्यावरून 'अजमलीन' असे नाव दिले. पुढची कित्येक वर्षे ही माहिती भारतीय नियतकालिकांच्या बाहेर फारशी गेली नाही.

ते काम डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी केले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील या हृदयतज्ज्ञांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन प्रत्येकाच्या दाबाची पद्धतशीर नोंद ठेवली. बहुसंख्य रुग्णांचा दाब उतरला. १९४९ साली त्यांचा लेख 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून 'रेसर्पीन' हे द्रव्य वेगळे केले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पीनमुळे एक जुना युक्तिवाद संपला. दाब उतरवणे आता शक्य होते. पण उतरवल्याने माणूस जास्त जगतो का? ते पाहण्यासाठी एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक प्रयोग केला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना औषध आणि ७० जणांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. १९६७ साली निकाल आला. निरुपद्रवी गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर दुखणी झाली, औषध घेणाऱ्यांत फक्त २ जणांना. दिलेली औषधे तीन होती आणि त्यांतले एक होते रेसर्पीन.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. रेसर्पीनने काहींना मोठे नैराश्य येते, असे पुढे लक्षात आले. अधिक सुरक्षित औषधे आल्यावर त्याचा वापर फार कमी झाला. सर्पगंधेची मुळी स्वतःच्या मनाने घेणे आजही धोक्याचे आहे.

दाब वाढायलाच हवा का?

रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९४८ साली, अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्रीपुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. अमुक आकड्यापर्यंत सुरक्षित आणि पुढे धोका, अशी उडी त्या नोंदींत कोठेच दिसली नाही. दाबाबरोबर धोका हळूहळू वाढत जातो. म्हातारपणी वरचा आकडा वाढणे निरुपद्रवी असते, ही समजूतही टिकली नाही.

तरी एक प्रश्न उरतो. वाढणे हानिकारक असेल, पण ते अटळ आहे का? १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' या अभ्यासात ३२ देशांतील ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून अधिक लोकांचा रक्तदाब आणि चोवीस तासांच्या लघवीतील सोडियम मोजले गेले. भारतातील नवी दिल्ली आणि लडाख ही ठिकाणेही त्यात होती. ब्राझीलच्या जंगलातील यानोमामी लोक आहारात मीठ घालतच नाहीत. त्यांचा सरासरी दाब सुमारे ९५/६१ निघाला आणि वयाबरोबर तो जवळजवळ वाढतच नव्हता. ज्या समाजांत मीठ जास्त, तेथे वयाबरोबर होणारी वाढही जास्त होती.

मग सारा दोष मिठाचा? इतका सोपा निष्कर्ष काढू नये. इटलीत तिमियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मठात राहणाऱ्या १४४ जोगिणींची तुलना बाहेर संसार करणाऱ्या १३८ स्त्रियांशी वीस वर्षे केली. दोन्ही गटांत मीठ सारखेच होते. बाहेरच्या स्त्रियांचा दाब वयाबरोबर वाढला, जोगिणींचा फारसा वाढला नाही. केनियात लुओ जमातीचे लोक गाव सोडून नैरोबीत राहायला गेल्यावर काही महिन्यांतच त्यांचा दाब चढला. त्यांच्या आहारात मीठ वाढले होते, फळेभाज्यांतून मिळणारे पोटॅशियम घटले होते आणि वजनही वाढले होते. म्हणजे मीठ, वजन, श्रम, झोप, चिंता हे सगळे मिळून दाब ठरवतात. वय म्हणजे या सगळ्यांची साठत गेलेली बेरीज.

हे वाचताना आम्हांला आमचे गाव आठवल्याशिवाय राहात नाही. भाईंदरची ओळखच मिठागरांची. लोकलच्या खिडकीतून दिसणारे पांढरे ढीग पाहात आमच्या कितीतरी पिढ्या मोठ्या झाल्या. आगरी कुटुंबांनी त्यावर संसार केले. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. बहुतेक जण कोठून तरी येथे आलेले, नैरोबीतल्या त्या लुओंसारखेच. पहाटेची गाडी, चर्चगेटपर्यंत उभ्याने प्रवास, स्टेशनबाहेरचा वडापाव, रात्री उशिरा जेवण. खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतात. ते मीठ किती खाल्ले, हेही आता मोजायला हवे.

आयुष्याच्या टप्प्यांवर

वयाचा आणि रक्तदाबाचा खरा संबंध आज असा समजला जातो.

जन्मतः वरचा आकडा साधारण ६५ ते ७५ असतो. वर्षाच्या मुलात तो ८५ च्या आसपास आणि दहाव्या वर्षी १०० च्या आसपास पोचतो. ही वाढ शरीराच्या वाढीची आहे आणि ती नैसर्गिक आहे. म्हणून मुलांसाठी एकच आकडा वापरत नाहीत. त्याच वयाच्या, लिंगाच्या आणि उंचीच्या शंभर मुलांत हे मूल कितवे, ते पाहतात. ९५ व्या किंवा त्यावरच्या जागी ते वेगवेगळ्या दिवशी तीनदा आले, तर तपासणी करायला हवी. दहा वर्षांच्या मुलाचा १३० हा आकडा 'मोठ्या माणसासारखा' म्हणून सोडून देणे ही गंभीर चूक ठरेल.

बीजे त्याहीआधी पेरली जातात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. जन्मवेळी कमी वजनाची असलेली मुले आठव्या वर्षी वजनाने इतरांइतकी झाली, तर त्यांचा वरचा दाब तुलनेने जास्त होता. गरोदर आईच्या ताटात काय वाढले जाते, याचा परिणाम इतका लांब पोचतो.

प्रौढपणी १२०/८० च्या खाली असलेला दाब उत्तम. आपल्याकडे १४०/९० किंवा त्याहून जास्त दाब पुन्हा पुन्हा आढळला तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. अमेरिकेत २०१७ पासून ही रेषा १३०/८० वर आणली आहे. २५ वर्षे असोत की ६५, रेषा तीच. गरोदरपणात मधल्या महिन्यांत दाब थोडा उतरतो. म्हणून विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० ला पोचला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पन्नाशी-पंचावन्ननंतर मोठ्या रोहिण्यांची लवचीकता घटते. वरचा आकडा चढतो, खालचा उतरू लागतो. आमच्या सरांचे १६४/८४ हे याचेच उदाहरण. अशाच माणसांवर, म्हणजे वय ६० च्या वर, वरचा आकडा १६० किंवा जास्त आणि खालचा ९० च्या आत असलेल्या ४,७३६ जणांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. १९९१ साली निकाल आला. औषध घेणाऱ्यांत पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाला. २००८ मध्ये ऐंशीच्या पुढच्यांतही उपचारांचा फायदा दिसला. मात्र फार वृद्ध माणसांना उभे राहताना दाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. त्यामुळे औषध हळूहळू वाढवावे लागते, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

आपण काय करावे?

प्रथम, नीट मोजावे. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून स्वस्थ बसावे. अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू नको. मोजताना बोलू नये. दंड हृदयाच्या पातळीवर हवा. तो दहा सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सुमारे आठने फुगतो. (का, ते विद्यार्थ्यांनी हेल्सच्या गणितावरून काढावे.) पट्टी दंडाच्या मापाची असावी. एका दिवसाच्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, आणि तो विसरूनही जाऊ नये.

दुसरे, मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा कमी, मीठ सुचवते. भारतात ते सरासरी दहा ग्रॅमच्या आसपास खाल्ले जाते. चौघांच्या घरात किलोची पिशवी किमान ५० दिवस पुरायला हवी. विद्यार्थ्यांनी पिशवी फोडल्याची आणि संपल्याची तारीख तिच्यावरच लिहावी. पापड, लोणचे, फरसाण आणि खारवलेली मासळी यांतले मीठ वेगळे, हेही त्यांच्या लक्षात आणून द्यावे. मीठ पूर्ण बंद करायचे नाही. त्यातून आयोडीन मिळते आणि शरीराला थोडे सोडियम लागतेच.

तिसरे, 'वय अधिक शंभर' हे सूत्र ज्या घरात ऐकू येईल, तेथे विद्यार्थ्याने ते नम्रपणे खोडावे. महाराष्ट्रासह पाच राज्यांत २०१७ पासून सरकारी आरोग्य केंद्रांतून उच्च रक्तदाबावर नियमित उपचार देण्याचा उपक्रम सुरू झाला. औषधे स्वस्त आहेत. अडचण बहुतेक वेळा औषधाच्या आधीच येते, तो आकडा मनावर न घेतल्यामुळे.

आम्ही अधूनमधून सरांना भेटायला जातो. रक्तदाबाचा हा इतिहास त्यांना सांगितला, तेव्हा त्यांनी पाटी मागून घेतली. डाव्या हाताने सावकाश '६६ + १००' लिहिले, त्यावर आडवी रेघ मारली आणि पाटी आमच्या हातात दिली.